सूर्याला पाठीशी घेऊन

विमानाचे तिकीट काढताना पडद्यावर आसनांचा जो छोटासा नकाशा येतो, त्याच्यापुढे मी पुष्कळ वेळ रेंगाळते. रांगांचे आकडे, पंखांची जागा, स्वच्छतागृहे, आपत्कालीन दारे हे सगळे त्या नकाशात असते. नसते ती फक्त दिशा. विमान उत्तरेकडे जाणार की पश्चिमेकडे, त्या वेळी सूर्य कोणत्या अंगाला असणार आणि वाटेतले डोंगर, नद्या, किनारे कोणत्या खिडकीतून दिसणार, हे तो नकाशा सांगत नाही. खिडकीची जागा निवडताना मला मात्र नेमके एवढेच जाणून घ्यायचे असते.

खिडकी मागणाऱ्या प्रवाशांचे साधारणपणे दोन गट मानले जातात. एकाला ऊन नको असते: डोळ्यांवर येणारी तिरीप नको, गालावर तापणारा उन्हाचा पट्टा नको, शांतपणे वाचता किंवा झोपता आले की पुरे. दुसऱ्याला बाहेरचे दृश्य हवे असते आणि त्यासाठी ऊन सोसायची त्याची तयारी असते. जणू सावली घेतली की दृश्य सोडावे लागते आणि दृश्य घेतले की सावली जाते. मला ही विभागणी पटत नाही. दोन्ही खिडक्यांतून बाहेर बघत बरेच प्रवास केल्यावर माझी खात्री झाली आहे की बहुतेक वेळा सावलीची बाजू हीच दृश्याची बाजू असते.

याचे कारण छायाचित्रकाराला सांगावे लागत नाही. सूर्य पाठीशी असला की समोरचे सगळे उजळते. सावलीच्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या पाठीमागून, विमानाच्या दुसऱ्या अंगाकडून येणारा उजेड खालच्या जमिनीवर पडतो आणि तिचा उजळलेला चेहरा आपल्याकडे असतो. शेतांचे बांध, डोंगरांच्या सोंडा, मातीचे रंग, गावांची छपरे, सगळे आपापल्या रंगात दिसते. उन्हाच्या खिडकीतून तीच जमीन करडी आणि धुरकट वाटते, कारण हवेतले धुळीचे आणि बाष्पाचे कण सूर्याच्या दिशेने पाहताना फार जास्त चमकतात आणि आपल्या व जमिनीच्या मध्ये एक पांढुरका पडदा उभा राहतो. त्यात खिडकीचीही भर पडते. प्रवासी विमानाच्या खिडकीत सहसा ॲक्रिलिकचे तीन थर असतात. बाहेरचा थर हवेचा दाब पेलतो, मधला त्याला आधार म्हणून असतो, आणि आपण कपाळ टेकवतो तो आतला पातळ थर केवळ संरक्षणापुरता असतो. या थरांवर बारीक ओरखडे असतातच. सावलीत ते दिसतही नाहीत. ऊन थेट आले की मात्र प्रत्येक ओरखडा पेटल्यासारखा चमकतो आणि नजर बाहेर पोचायच्या आधी त्या जाळ्यातच अडकते.

मधल्या थराच्या खालच्या बाजूला एक सुईने पाडल्यासारखे भोक असते. दोन थरांमधल्या पोकळीतला दाब केबिनमधल्या दाबाशी जुळता राहावा आणि तिथली ओल निघून जावी, म्हणून ते ठेवलेले असते. विमान उंचावर गेले, बाहेरचे तापमान शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास उतरले, की या भोकाभोवती बर्फाचे बारीक तुरे उगवू लागतात. पिसासारखी एक रेघ, तिला फुटलेल्या उपरेघा, त्यांनाही फुटलेले काटे. उन्हाच्या बाजूच्या खिडकीचे वर्णन मी आत्ता जरा कठोरपणे केले, तरी या बर्फाच्या तुऱ्यांना तिथलेच ऊन खुलवते, हेही सांगितले पाहिजे.

आता बाजू ओळखायची कशी, हा व्यवहाराचा प्रश्न. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसले की ‘ए’ अक्षराचे आसन डाव्या खिडकीशी येते, आणि एकच मार्गिका असलेल्या सहा आसनांच्या रांगेत उजव्या खिडकीशी ‘एफ’ येते. मोठ्या, दोन मार्गिकांच्या विमानांत बहुधा ‘के’ येते. सकाळी उत्तरेकडे निघालेल्या विमानात सूर्य पूर्वेला, म्हणजे उजवीकडे असतो, त्यामुळे सावली ‘ए’ला मिळते. तेच विमान संध्याकाळी उत्तरेकडे निघाले तर सगळे उलटते. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे जाताना पहाट आणि तिन्हीसांजा सोडल्या तर सूर्य दक्षिणेच्या अंगाने कलतो, निदान कर्कवृत्ताच्या उत्तरेला तरी. त्यामुळे पूर्वेकडे जाताना डावी बाजू आणि पश्चिमेकडे जाताना उजवी बाजू सावलीची. दक्षिण गोलार्धात मकरवृत्ताच्या पलीकडे सूर्य उत्तरेच्या आकाशातून जातो, म्हणून तिथे हा हिशेब उलटा मांडायचा. दोन वृत्तांच्या मधल्या पट्ट्यात वर्षाचा काही काळ माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो आणि काही काळ दक्षिणेला, आणि तो डोक्यावर असेल तेव्हा दोन्ही खिडक्यांना सारखीच सावली मिळते. अशा वेळी बाजूचा विचार उन्हासाठी करण्यात अर्थ नसतो.

लांबच्या प्रवासात मात्र एवढ्याने भागत नाही. भिंतीवरच्या नकाशात दोन शहरे जोडणारी सरळ रेघ ही पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट नसते. लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारे विमान नकाशावर नैर्ऋत्येकडे जावेसे वाटते, पण त्याची जवळची वाट वायव्येकडे सुरू होते, ग्रीनलंडच्या बाजूने वळण घेते आणि लॉस एंजेलिसला पोचताना विमानाचे नाक नैर्ऋत्येकडे झालेले असते. दुपारी निघालेले विमान स्थानिक घड्याळाप्रमाणे त्याच दिवशी दुपारीच पोचते, म्हणजे अकराएक तासांच्या प्रवासात सूर्य आकाशात फारसा सरकलेला नसतो. तरी विमानच वळत गेल्यामुळे डाव्या अंगाचे ऊन शेवटी नाकासमोर आणि मग उजवीकडे यायला लागते. अशा प्रवासात मी उजवी खिडकी निवडेन, कारण वाटेचा मोठा भाग सावली तिकडे असते आणि ग्रीनलंडचा बर्फही त्या सावलीच्या खिडकीतून, दक्षिणेच्या उन्हात उजळलेला दिसू शकतो.

सूर्य आणि विमान यांच्या या शर्यतीचा विचार करायला लागले की मन त्यातून निघत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १६७० किलोमीटर होतो, आणि ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने जाणारे विमान तिथे सूर्याला कधीच गाठू शकत नाही. पण उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकावे तशी पृथ्वीची वर्तुळे लहान होत जातात, आणि ६० अंश अक्षांशावर तोच वेग ताशी ८३५ किलोमीटरच्या आसपास येतो. तिथे पश्चिमेकडे जाणारे विमान सूर्याच्या बरोबरीने चालू शकते, आणि तासन् तास न संपणारा सूर्यास्त खिडकीत थांबून राहतो. ३० जून १९७३ रोजी काँकॉर्डच्या एका चाचणी विमानाने अशीच शर्यत चंद्राच्या सावलीशी, ध्वनीच्या दुप्पट वेगाने केली. आफ्रिकेवरून सरकणाऱ्या खग्रास सूर्यग्रहणाच्या छायेत ते ७४ मिनिटे राहिले. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला खग्रास अवस्था कधीही साडेसात मिनिटांच्या वर मिळत नाही. त्या विमानाने निरीक्षणासाठी छतात खिडक्या पाडून घेतल्या होत्या; सूर्य डोक्यावर असताना बाजूची खिडकी काय कामाची, हे त्या शास्त्रज्ञांना अर्थातच ठाऊक होते.

पूर्वेकडे जाताना उलटे घडते आणि दिवस भराभर संपतो. तेव्हा सगळे सहप्रवासी सूर्यास्ताच्या खिडकीकडे माना वळवतात, पण मला त्या वेळी दुसरी बाजू अधिक आवडते. सूर्य एका अंगाला बुडत असताना विरुद्ध क्षितिजावरून एक गर्द निळसर पट्टा वर चढतो आणि त्याच्या माथ्यावर फिकट गुलाबी कड असते. तो निळा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची स्वतःचीच सावली. जमिनीवरूनही ती दिसते. पण घरे, झाडे आणि धूळ यांच्यामागे ती हरवते, आणि खिडकीतून तिची अखंड कमान न्याहाळता येते. अकरा किलोमीटर उंचीवर क्षितिज सुमारे ३७० किलोमीटर दूर जाते, त्यामुळे ही कमान केवढी पसरलेली असते हे तिथेच उमगते.

आणि सावलीच्या बाजूचे सर्वांत मोठे देणे म्हणजे ढगांवर उमटणारे तेजोवलय. सूर्य फार उंच नसावा आणि खाली पाण्याच्या बारीक थेंबांच्या ढगांचा थर असावा, मग सूर्याच्या अगदी विरुद्ध बिंदूवर, म्हणजे जिथे विमानाची सावली पडलेली असते तिथे, रंगीत कडी दिसतात. आत उजळ पांढरट मध्य, बाहेर तांबूस कड, कधी एकात एक अशी दोन-तीन कडी. हे इंद्रधनुष्य नव्हे. इंद्रधनुष्याची कमान विरुद्ध बिंदूपासून ४२ अंशांवर असते. हे वलय त्याहून कितीतरी लहान असते आणि त्याचा रंग ढगातल्या अतिसूक्ष्म थेंबांकडून जवळजवळ आल्या वाटेने परत फिरणाऱ्या प्रकाशातून येतो. विमान ढगांच्या जवळ असेल तर सावलीचा आकार ओळखू येतो, पंख आणि शेपूट वेगळे दिसतात. अंतर वाढले की सावली विरघळून जाते आणि नुसते वलय विमानाबरोबर धावत राहते. ढगांतल्या थेंबांचा आकार बदलत जाईल तसे ते वलय लहानमोठे होते, ढगांत फट आली की क्षणभर नाहीसे होते आणि पलीकडच्या ढगावर पुन्हा उमटते. मी पहिल्यांदा ते नीट निरखले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला अजून विस्मित करते. वलयाचा मध्य विमानाच्या सावलीच्या मध्यावर नसतो, तर पाहणारा जिथे बसला आहे नेमक्या त्या जागेवर असतो. मी पंखाच्या मागे बसले होते आणि माझ्या वलयाचा मध्य सावलीतल्या पंखाच्या मागेच होता. पुढच्या रांगेतल्या प्रवाशाचे वलय त्याचे त्याच्यापुरते, थोडे पुढे सरकलेले. आपण दोघे एकाच खिडक्यांच्या ओळीतून एकच गोष्ट पाहत आहोत असे वाटावे, आणि प्रत्येकाला मात्र त्याचे स्वतःचे वलय दिसत असावे!

ढग नसतील तेव्हा त्याच बिंदूभोवती जमिनीवर एक उजळ ठिपका पळताना दिसतो, विशेषतः जंगलावरून किंवा वाळलेल्या गवतावरून जाताना. तिथे प्रत्येक झाडाची सावली त्याच झाडामागे दडलेली असते, म्हणून तेवढा भाग आजूबाजूपेक्षा उजळ वाटतो. हे सगळे उन्हाच्या खिडकीतून कधीच दिसत नाही.

पर्वतांच्या बाबतीत बाजूचा निर्णय अधिक गंभीर होतो, कारण पर्वत एकाच अंगाला असतात आणि ती संधी पुन्हा येईलच असे नाही. दिल्लीहून पूर्वेला बागडोगराकडे जाणारे विमान हिमालयाला समांतर उडते, बर्फाची रांग उत्तरेला म्हणजे डावीकडे असते, आणि सूर्य दक्षिणेला. सावली आणि दृश्य इतक्या उदारपणे एकत्र देणारा दुसरा मार्ग मला माहीत नाही. हवा स्वच्छ असली तर ८८४९ मीटरचे एव्हरेस्ट आणि ८५८६ मीटरचे कांचनगंगा ही शिखरे एकाच प्रवासात, ऊन न सोसता, दक्षिणेचे ऊन अंगावर घेऊन उभी असलेली दिसतात. परतताना अर्थातच उजवी खिडकी. याच्या उलट उदाहरण झुरिकहून जिनिव्हाकडे जाणाऱ्या विमानाचे. तिथे आल्प्स डावीकडे, दक्षिणेच्या अंगाला असतात, आणि सकाळचा सूर्य त्यांच्याच बाजूला. उत्तरेकडचे कडे आपल्याच सावलीत काळवंडलेले असतात आणि डोळ्यांत ऊन येत असते. तेच आल्प्स दुपार कलल्यावर, ऊन पश्चिमेकडून येऊ लागल्यावर पाहावेत. सँटियागोहून उत्तरेला लिमाकडे जाताना अँडीज उजवीकडे, पूर्वेला येतात. सकाळच्या विमानात त्यांची नुसती काळी कड दिसते आणि दुपारच्या विमानात त्यांचे पश्चिमेकडचे सगळे उतार उजळलेले असतात. म्हणून पर्वतासाठी प्रवास करणाऱ्याने आधी खिडकी न निवडता आधी विमानाची वेळ निवडावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

उन्हाची खिडकी मी मुद्दाम घेते ती पाण्यासाठी. सूर्याच्या दिशेने पाहताना जमिनीवरचा प्रत्येक जलसाठा योग्य कोन आला की आरशासारखा लखलखतो. सावलीच्या बाजूने नजरेतून निसटणारे ओढे, तळी, पाणी साठलेली शेते, नदीच्या सोडून दिलेल्या जुन्या वळणांतली डबकी, हे सगळे एकामागून एक पेटत जाते आणि मागे विझत जाते. नदीमुखावरच्या सपाट प्रदेशावरून जाताना या चमकेने सगळा भूगोल आपोआप रेखाटला जातो, पाणी कुठून येते आणि कुठे मुरते ते कळते. एवढ्यासाठी डोळे दिपवून घ्यायची माझी तयारी असते. मात्र टोपी आणि गॉगल हाताशी ठेवावा आणि त्वचेचीही थोडी काळजी घ्यावी, कारण खिडकीचे ॲक्रिलिक सूर्याच्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरण बहुतांशी अडवत असले तरी यूव्हीए किरण काही प्रमाणात आत येतात आणि उंचावर त्यांची तीव्रता जमिनीपेक्षा जास्त असते.

बाजू ठरली की रांग ठरवायची, आणि तिचे काम थोडक्यात आटोपते. पंखावरच्या रांगांतून खालचे दिसत नाही. पंखाच्या मागून दिसते, पण इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे दृश्याचा काही भाग थरथरतो. पंखाच्या पुढच्या रांगा सर्वांत चांगल्या. काही विमानांत एखाद्या रांगेला नावापुरतेच खिडकीचे आसन असते आणि शेजारी नुसती भिंत. वातानुकूलनाची नळी तिथून वर जात असल्याने खिडकी ठेवलेलीच नसते. उतरताना शहर कोणत्या बाजूला दिसेल हे मात्र आधी सांगता येत नाही. विमाने वाऱ्याला सामोरी उतरतात आणि त्या दिवशीचा वारा धावपट्टीची दिशा ठरवतो.

खिडकीचे आसन घेणाऱ्याच्या हाती आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे खिडकीची झडप. एका माणसाच्या हातात ती असते आणि तिचा उजेड निदान तीन माणसांच्या वाट्याला येतो. उन्हाच्या बाजूला बसून दृश्याच्या ओढीने झडप सताड उघडी ठेवली की मधल्या आसनावरच्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या आजींच्या डोळ्यांवर ती तिरीप तासभर पडत राहते, आणि त्या संकोचाने काही बोलत नाहीत. माझ्या शेजारच्या आजींनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला तेव्हा मी झडप निम्म्यावर आणली आणि मान वाकवून उरलेल्या फटीतून बघत राहिले. क्षितिजाखालचे सगळे दिसत होते, फक्त आकाश गेले. सावलीच्या बाजूला असा प्रश्न क्वचितच येतो, आणि तिकडची खिडकी निवडण्याचे हेही मोठे कारण आहे. तिथली झडप कुणाचेही डोळे न दुखवता उघडी ठेवता येते. २०११ पासून प्रवासी सेवेत असलेल्या बोइंग ७८७ विमानांत झडपच नाही. बटण दाबले की काच निळसर काळी होत जाते आणि सगळ्या खिडक्या कर्मचाऱ्यांना एकदम अंधारवता येतात. झोपणाऱ्यांची सोय झाली हे खरे. पण भर दुपारी, खाली हिमनद्या सरकत असताना, सगळे विमान एका आज्ञेने अंधारात जाते तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी मात्र झडपा उघड्याच ठेवायला सांगतात आणि त्याचे कारण चोख आहे: बाहेर आग किंवा बिघाड असला तर आतल्यांना तो दिसावा, बाहेरच्या बचाव पथकाला आतले दिसावे, आणि घाईने बाहेर पडायची वेळ आली तर डोळे बाहेरच्या उजेडाला सरावलेले असावेत.

खिडकीच्या वाटणीचा सर्वांत समंजस तोडगा मला ऑस्ट्रेलियातून निघणाऱ्या अंटार्क्टिका-दर्शनाच्या विमानांत दिसतो. १९७७ मध्ये सुरू झालेली ही विमाने बर्फाळ खंडावर कुठेही न उतरता घिरट्या घालून परत येतात. तिथे जाण्याचा हेतूच खिडकीतून पाहणे हा असतो. त्यामुळे बहुतेक प्रवाशांना दोन बोर्डिंग पास मिळतात, आणि अर्ध्या वाटेवर ते उठून जागा बदलतात. नेहमीच्या प्रवासात अशी सोय नसते, पण डावीकडे हिमालय आला की मधल्या आसनावरच्या माणसाला दहा मिनिटे खिडकीशी बसायला सांगता येते. मी तसे विचारते. काही जण नको म्हणतात आणि पुन्हा हातातल्या पडद्याकडे वळतात. काही जण पट्टा सोडून इतक्या लगबगीने उठतात की ते मघापासून माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, हे तेव्हा कळते.